एकशे दोन मैल आणि एक रांग

लान्सडाउनच्या टेकडीवरून खाली बाथ दिसलं आणि मला हसू फुटलं. फुटलं ते फुटलं, थांबेचना. आठ दिवस, एकशे दोन मैल, त्यातले पाच दिवस पाऊस, दोन्ही टाचांना फोड, आणि आता समोर उन्हात ते पिवळट दगडाचं शहर. तशी मी बाथला चाळीसेक वेळा तरी गेले असेन. नाताळच्या खरेदीला, शाळेच्या सहलीबरोबर, एकदा दाढ काढायला. पण ते बसने. पायी येऊन बघितलं की तेच गाव कोरं करकरीत वाटतं.

"काय झालं?" डेझमंडने विचारलं.

"काही नाही. पोचलो."

"अजून साडेचार मैल आहेत," तो घड्याळात बघत म्हणाला. "पाऊण वाजता पोचू."

डेझमंड हा असा आहे. डेझमंड हॅदरेल, आमच्या डर्सलीचा निवृत्त बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली आणि एक मिनिट उशीर केला नाही. लोक त्याच्या बसवर घड्याळ लावायचे. मी थेल्मा पग्सली, शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं काढली, रोज तीनशे पोरांचं जेवण. त्यामुळे माझं तोंड जरा सुटलेलं आहे. हे मीच सांगते, म्हणजे दुसऱ्याला सांगायचे कष्ट नकोत.

आमचा दर मंगळवारी चालायला जाणारा एक गट आहे. कॅम्पडनपासून बाथपर्यंतची वाट चालायची म्हणून अकरा जणांनी नावं दिली होती. मग एकीचा गुडघा, एकाची नात, दोघांचं कुत्रं, आणि बाकीच्यांनी हवामानाचा अंदाज ऐकला. पहिल्या शनिवारी कॅम्पडनच्या जुन्या बाजाराच्या मंडपात दगडी बाकावर मी आणि डेझमंड असे दोघंच बुटांच्या नाड्या बांधत बसलो होतो.

तिथेच त्याने विचारलं. नाडीकडे बघत.

"थेल्मा, तुझी हरकत नसेल तर एक विचारायचं होतं. बाथनंतरही आपण असंच चालत राहिलो तर? म्हणजे, लग्न वगैरे करून."

माझ्या तोंडात चीज आणि लोणच्याचं सँडविच होतं. ते गिळावं की थुंकावं मला कळेना. नऊ वर्षं मी एकटी आहे. पलंगावर आडवी तिडवी झोपते, मनाला येईल तेव्हा जेवते. गॉर्डन, माझा नवरा, चांगला माणूस होता, पण दिवसभर नाकातल्या नाकात गुणगुणायचा, आणि त्याच्यामागे जी शांतता मिळाली तिची मला सवय लागली होती. मी घास गिळला, मला ठसका लागला, डेझमंडने पाणी दिलं.

"बाथला पोचल्यावर सांगते," मी म्हणाले. "शेवटच्या दगडापाशी."

"जरूर. घाई नाही," तो म्हणाला. मग दुसरी नाडी बांधता बांधता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "पुढच्या शनिवारी दोन वाजता फिलिपा गाडी घेऊन येणार आहे बाथच्या चर्चपाशी. तिने नॉर्विचला माझ्यासाठी खोली तयार केलीय, पडदेसुद्धा लावलेत. तुझं नाही असेल तर मी तिच्याबरोबर जाईन. तुला काही अडचण व्हायला नको."

फिलिपा त्याची मुलगी. आणि नॉर्विच म्हणजे देशाचं दुसरं टोक. डर्सलीचं घर तो महिनाअखेर सोडणार होता, हेही मला तेव्हाच कळलं. एवढं बोलून त्याने पाठीवर पिशवी चढवली आणि तो चालायला लागला, आणि त्यानंतर आठ दिवस या विषयावर त्याने चकार शब्द काढला नाही.

खरं सांगायचं तर मी तिसऱ्याच दिवशी ठरवलं होतं. पेन्सविकच्या टेकडीवर असा पाऊस लागला की माझ्या बुटात बेडूक राहिले असते. डेझमंडने पिशवीतून आपले शेवटचे कोरडे मोजे काढून माझ्या हातात ठेवले. स्वतः पावाच्या रिकाम्या पिशव्या पायात घातल्या, वर बूट चढवले, आणि सात मैल चर्र चर्र वाजत चालला. "छान वाटतंय, हवेशीर आहे," म्हणाला. मला तेव्हाच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मग पडले का नाही? कारण बाथला सांगते म्हणाले होते ना. आमच्यात एकदा बाथ म्हटलं की बाथ. पेन्सविकलाच सांगणं म्हणजे रांग मोडून पुढे घुसणं. आणि तो पुन्हा विचारणार नाही, कारण दोनदा विचारणं म्हणजे मागे लागणं. असे आम्ही दोघं तोंडाला कुलपं लावून ग्लॉस्टरशायरभर चालत होतो आणि दिवसभर ढग, मेंढ्या आणि चहा या तीन विषयांवर बोलत होतो.

आणि वर ती फाटकं. आमच्याकडे शेतांच्या कडेला मुक्याची फाटकं असतात. गुरं बाहेर पडू नयेत म्हणून एका वेळी एकच माणूस जाईल असं फिरतं फाटक. पुढे गेलेल्याने मागच्याला अडवायचं, मुका घ्यायचा आणि मगच फाटक सोडायचं, अशी जुनी रीत. वाटेत अशी त्र्याऐंशी फाटकं लागली. मी मोजली. त्र्याऐंशी वेळा डेझमंडने फाटक धरलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "सावकाश ये, चिखल आहे." साठाव्या फाटकानंतर मला वाटायला लागलं की याने विचार बदललाय. नॉर्विचचे पडदे आवडले असतील याला. पंच्याहत्तराव्याला तर मी मुद्दाम फाटकात अडकल्याचं नाटक केलं. त्याने माझ्या पिशवीचा पट्टा सोडवून दिला.

तर असं सगळं डोक्यात घेऊन आम्ही टेकडी उतरलो. वेस्टन आलं, मग बाग, मग ती अर्धगोल उंच घरांची ओळ, जिथे लोक उंची कपडे घालून एकमेकांचे फोटो काढत होते आणि आम्ही चिखलाचे ठसे उमटवत मधून चाललो होतो. माझं डोकं हलकं झालं होतं. सकाळपासून एक उकडलेलं अंडं खाल्लं होतं फक्त. मी मनात वाक्य घोळवत होते. डेझमंड, तू कॅम्पडनला जे विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. छोटं, नीटस, रडारड नाही.

पाऊण वाजता, अगदी ठोक्याला, आम्ही चर्चसमोरच्या चौकात पोचलो. वाटेचा शेवट तिथेच आहे. चर्चच्या मोठ्या दारापुढे जमिनीत एक गोल दगड बसवलाय, त्यावर वाटेतल्या गावांची नावं कोरलीत. त्यावर उभं राहायचं, की झालं. पण चौकात ही गर्दी. शनिवार, ऊन पडलेलं, कुणी व्हायोलिन वाजवतोय, कुणी कबुतरांना चारतोय. पायांखाली जमीनही दिसत नव्हती, आणि चर्चच्या दाराजवळून एक रांग, चांगली चाळीस माणसांची, वळण घेऊन गर्दीत शिरलेली.

"ही रांग दगडाची असणार," मी म्हणाले.

"असेल," डेझमंड म्हणाला.

आम्ही रांगेच्या शेवटी उभे राहिलो. आता तुम्ही विचाराल, कुणाला विचारलं का नाही? रांग कसली आहे हे रांगेतल्या माणसाला विचारायचं? त्याला वाटेल, ही बाई रांगेवर संशय घेतेय. आमच्याकडे रांग दिसली की आधी उभं राहायचं. पुढे गेल्यावर कळतंच.

आमच्या पुढच्या बाईच्या डोक्यावर जांभळट टोपी होती, तिला एक लांब पीस, ती वळली की ते माझ्या नाकात जायचं. तिच्यापुढेही टोप्याच टोप्या. मला वाटलं, बाथ आहे, इथली माणसं पाव आणायलाही नटून जात असतील.

"लांबून आलात?" त्या बाईने माझ्या बुटांकडे न बघायचा प्रयत्न करत विचारलं.

"कॅम्पडनहून. चालत."

"चालत?" तिने छातीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. पीस माझ्या नाकात. "रेजिनल्ड, हे कॅम्पडनहून चालत आलेत. याच्यासाठी."

"कौतुक आहे," रेजिनल्ड म्हणाला आणि त्याने पुढच्याला सांगितलं. पुढच्याने त्याच्या पुढच्याला. बातमी रांगेतून पुढे सरकली, एकेक टोपी वळून बघायला लागली, कुणी मान हलवली, एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून दाखवली. मला भारी वाटलं. म्हटलं, बघा, चालणाऱ्यांची कदर असते या गावात. मी डेझमंडला कोपराने ढोसलं. तो कसनुसा हसला आणि त्याने पुन्हा घड्याळात बघितलं. एक वाजून पाच.

रांग हलत होती ती गोगलगाईच्या चालीने. माझ्या पोटात कावळे कोकलत होते. एक वीसला आम्ही चौकाच्या मध्यावर आलो आणि माझ्या लक्षात आलं की चर्च आमच्या पाठीमागे चाललंय.

"डेझमंड, दगड तिकडे राहिला का?"

"रांग वळून जात असेल परत."

"फिलिपा येईल रे."

"ती दोनला येणार," तो म्हणाला. "अजून वेळ आहे." आणि त्याच्या तोंडून 'अजून वेळ आहे' हे वाक्य मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

एक पस्तीसला आम्ही एका दाराच्या आत होतो. ते पंप रूम होतं, जिथे पूर्वी बडी मंडळी गरम झऱ्याचं पाणी औषध म्हणून प्यायला यायची. उंच खांब, लखलखतं झुंबर, पांढरे टेबलक्लॉथ, पियानो. आणि रांगेच्या डोक्याशी पांढऱ्या झग्यातली नवरी, तिच्याशेजारी नवरा, दोन्ही बाजूंना आईबाप, सगळे येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवताहेत.

"डेझमंड," मी ओठ न हलवता म्हणाले, "हे लग्न आहे."

"हो. दिसतंय खरं."

"निघू या इथून."

"आत्ता?" त्याने मागे बघितलं. आमच्यामागे वीसएक माणसं होती, सगळी आमच्याकडे बघून हसत होती. "आत्ता निघालो तर त्यांना काय वाटेल?"

बरोबरच होतं त्याचं. आम्ही चिखलाच्या बुटांनी अंग चोरत पुढे सरकलो. मला पुन्हा हसू यायला लागलं, तेच सकाळचं, पोटातून वर येणारं. मी गाल आतून चावून धरले. नवरीच्या बापाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. आम्ही कोण हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, आणि ते विचारणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," तो म्हणाला.

"वाट चांगली होती," मी म्हणाले.

नवरीची आई मात्र गहिवरली होती. "तुम्हीच ना ते, कॅम्पडनहून चालत आलेले? इमोजेन, बघ गं. शंभर मैल. तुझ्या लग्नासाठी." तिने डोळे टिपले. "माझे सख्खे भाऊ साधी गाडी काढून आले नाहीत हो. रूपर्ट, तुमच्याकडचे ना हे?"

नवरदेव डेझमंडचा हात हलवत होता. "मला वाटलं, तुमच्याकडचे."

पियानोवाल्याने नेमका तेव्हाच श्वास घेतला. सहा जोड्या डोळे आमच्यावर, आणि कुणाच्याही तोंडून 'मग तुम्ही कोण' निघेना. नवरीची आई कशीबशी हसली. "आणि तुम्ही दोघं एकमेकांचे...?"

समोर भिंतीशी एक उंच जुनं घड्याळ आहे. त्यात दोनला आठ मिनिटं कमी होती. बाहेर फिलिपा उतरली असणार गाडीतून, बापाची मुलगी ती, आधीच येणार. दगड कुठे गेला देव जाणे. मी डेझमंडकडे बघितलं. तो घड्याळाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू शेवटची बस सुटली आणि आत तो नाहीच. माझ्या मनातलं ते छोटं नीटस वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"सॉरी हं," मी नवरीच्या आईला म्हणाले. "आम्ही कुणाकडचेच नाही. आम्ही चुकीच्या रांगेत उभे राहिलो. आणि एकमेकांचेही अजून कुणी नाही. म्हणजे याने मला गेल्या शनिवारी लग्नाचं विचारलंय, मी म्हणाले बाथला सांगते, ते एका दगडापाशी सांगायचं होतं, पण दगड सापडेना आणि याची मुलगी दोन वाजता याला नॉर्विचला घेऊन जाणार आहे. तर तुमची हरकत नसेल तर मी इथेच सांगते. हो म्हणून. माझं हो आहे."

डेझमंडने नवरदेवाचा हात अजून सोडला नव्हता. तो तो हात हलवतच राहिला.

"आभारी आहे," तो नवरदेवाला म्हणाला. "फार फार आभारी आहे."

आधी नवरी खिदळली. मग तिची आई रडायला लागली, मग हसायला, मग दोन्ही एकदम. मागे बातमी सरकत गेली, टोपीमागून टोपी, या वेळी उलट्या दिशेने. नवरीचा बाप म्हणाला, मग आता बसाच जेवायला, पण आम्ही नको नको म्हटलं, तेही दोघांनी तीन तीन वेळा, रीतसर. तेव्हा त्याने तिथल्या कारंज्याचं गरम पाणी दोन पेल्यांत भरून आणायला लावलं, शकुन म्हणून. ते पाणी मी एकदा शाळेच्या सहलीत प्यायले होते. कोमट, खिळे उकळल्यासारखं. आम्ही एका दमात संपवलं आणि मला ते गोड लागलं, यावरून माझी अवस्था ओळखा.

बाहेर आलो तेव्हा दोनला तीन मिनिटं होती. फिलिपा दिसत नव्हती.

"आता दगड," मी म्हणाले. "शंभर मैल चालून दगड न बघता मी घरी जायची नाही."

डेझमंड सरळ चर्चच्या दाराकडे चालत गेला. ना शोधाशोध, ना कुणाला विचारणं. दारापुढे थांबला आणि बोट खाली केलं. गोल दगड, भोवती गावांची नावं. कॅम्पडन, पेन्सविक, सगळी. आणि त्यावर वाळलेल्या चिखलाचे दोन जोड बुटांचे ठसे. एक माझ्या मापाचा.

"अरे, आपण इथेच तर उभे होतो. रांगेच्या शेवटी."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मी पाय हलवला तेव्हा कॅम्पडन दिसलं," तो म्हणाला. "आणि रांग लग्नाची आहे हेही दिसलं. त्या जांभळ्या टोपीवालीच्या हातात आमंत्रणपत्रिका होती."

मी आ वासला. "आणि तू बोलला नाहीस? तास सव्वा तास उभी केलीस मला, उपाशी?"

डेझमंडने टोपी काढली आणि हातात गोल फिरवली. "तू दगडापाशी सांगणार होतीस. दगड आहे म्हटलं असतं तर तू लगेच सांगितलं असतंस. आठ दिवस तू काही बोलली नाहीस, मला वाटलं नाहीच म्हणणार. आणि रांग चांगली मोठी होती." तो थांबला. "एकतीस वर्षं वेळेवर पोचलो, थेल्मा. आज पहिल्यांदा वाटलं, थोडा उशीर झाला तर बरं."

मी कांदे चिरतानाही रडत नाही, शाळेत सगळ्यांना माहीत होतं. तिथे चौकात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि हसूही थांबेना.

"आणि ती फाटकं?" मी म्हणाले. "त्र्याऐंशी फाटकं, डेझमंड. एकदाही तुला वाटलं नाही?"

"प्रत्येक वेळी वाटलं," तो म्हणाला. "पण उत्तर आलं नव्हतं ना. उत्तराआधी म्हणजे रांग मोडल्यासारखं."

मी त्या दगडावर पाय रोवून उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि त्याची वाट अडवली. "हे चौऱ्याऐंशीवं समज," मी म्हणाले. "दिल्याशिवाय सोडणार नाही."

त्याने या वेळी आभाळाकडे बघितलं नाही. त्याच्या ओठांना त्या खिळ्यांच्या पाण्याची चव होती, माझ्याही असणार. वर घड्याळाने दोनचे ठोके दिले, आणि मी ते सगळे, म्हणजे दोन्ही, मोजले.

मग आम्ही वळलो. आमच्यामागे सात माणसांची रांग लागली होती. कुणी खाकरलंसुद्धा नव्हतं. सगळ्यात पुढे कॅमेरा घेतलेलं एक जोडपं, त्यांच्यामागे छत्रीवाले एक आजोबा, आणि चौथ्या नंबरवर फिलिपा, हातात गाडीची किल्ली घेऊन, आपली पाळी यायची वाट बघत.